वीस मिनिटं नळाखाली

मी त्याच्या हातातला चमचा उडवला, तेव्हा आमची साधी ओळखही झालेली नव्हती.

"थुंका!" मी ओरडले. "आधी थुंका ते!"

तो तोंड वासून माझ्याकडे बघत राहिला. तोंडात काही गेलंच नव्हतं, थुंकणार काय? घास त्याच्या नव्याकोऱ्या शर्टावर सांडला होता.

"अहो, पण… माझं जेवण…"

"गरम कशात केलंत?"

"मायक्रोवेव्हमध्ये."

"कुठल्या?"

त्याने बोटाने दाखवलं. खिडकीजवळचा! खोटे दात पक्के करायचा!

आमच्याकडे कवळ्या बनतात. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे येतात, आम्ही त्यावर मेणात दात बसवतो, मग हिरड्यांचं गुलाबी प्लॅस्टिक भरून ते मायक्रोवेव्हमध्ये पक्कं करतो. तो ओव्हन फक्त त्या कामाचा. आत रसायनाचा वास, मेणाचे डाग. जेवणाचा ओव्हन वेगळा, जिन्याखालच्या खोलीत. दोघंही एकाच रंगाचे, अगदी जुळे भाऊ. त्यांची गल्लत करायची नाही, हा आमचा पहिला नियम. नव्या माणसाला तो सांगायचं काम माझं… आणि त्या दिवशी नेमकी मी उशिरा आले होते.

हे सगळं मामांनी पाहिलं. मामा म्हणजे माझे सख्खे मामा आणि सगळ्यांचे मालक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पहिल्याच दिवशी?" ते त्याला म्हणाले. "ठीक आहे. महिनाभर बघतो. पण आणखी एक भानगड झाली, की दुसरीकडे काम शोधायचं."

तो मान डोलावून शर्टावरची भाताची शितं गोळा करत बसला. मला इतकं वाईट वाटलं, की मी माझा डबा त्याच्यापुढे ढकलला. तो हसला. आणि अरे देवा… माणसाचं हसू इतकं सरळ असतं? दिवसभर दातच बघत असते मी, तरी बघत राहिले.

त्याचं काम मात्र नजर लागावी असं होतं. मेणात सुळा असा कोरायचा, की खरा वाटावा. दोन दिवसांत सगळे त्याला 'सुळेमास्तर' म्हणू लागले. पण जेवणाच्या ओव्हनपुढे उभा राहिला, की हाच मास्तर पार ढ. आई बहिणीकडे गेलेली, हा घरी एकटा, आणि रोज काहीतरी नवीन आणून मला धक्का द्यायचा.

मंगळवारी सोनेरी काठाची बशी आत ठेवली. ठिणग्या उडाल्या! बुधवारी टरफलासकट अंडं. मी धावत जाऊन बटण बंद केलं आणि ओव्हनच्या दाराला पाठ लावून उभी राहिले.

"ते फुटलं असतं! तोंडावर!"

"अंडं?" तो खरोखर हादरला. "पाण्यात तर उकडतं की हो…"

"इथं नाही उकडायचं. आतली वाफ बाहेर पडायला वाटच नसते. आता जरा वेळ दारही उघडायचं नाही."

मग आम्ही दोघं बंद दाराशी उभे. एका अंड्यासाठी. तो कुजबुजला, "श्वास घेतला तर चालेल?"

मी हसले नाही. म्हणजे… त्याच्यासमोर हसले नाही.

त्या दिवसापासून मी त्याची शिकवणीच घेतली. बटाट्याला काट्याने चार-पाच ठिकाणी टोचायचं. झाकण घट्ट लावायचं नाही, एका कडेने सैल ठेवायचं. भात मध्ये ढीग करून ठेवायचा नाही, कडेने पसरायचा आणि मध्ये जागा सोडायची. अर्ध्यात थांबवून ढवळायचा. आणि घंटी वाजली म्हणून लगेच तुटून पडायचं नाही, दोन मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे उष्णता आतपर्यंत पोचते.

"कडेला वाफा येतात आणि मधे गारठलेलं राहतं," मी म्हटलं. "वरून कळत नाही. चमचा मध्यात घालून बघावं लागतं."

"काही माणसंही तशीच असतात," तो गंभीरपणे म्हणाला.

"कोण?"

"नाव नाही घेत. चमचा उडवते ती."

ऐका! हे तोंडावर बोलणं! मी रागाने त्याचा भात ढवळला, आणि कान गरम झाले ते संध्याकाळपर्यंत गार झाले नाहीत.

आमच्याकडे सगळे मला ताई म्हणतात. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले पॉलिशवाले काकासुद्धा. हा एकटा मला काहीच म्हणायचा नाही. नुसतं, "ऐका ना…" म्हणायचा. हे माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी मी एका कवळीत पुढचा दात उलटा बसवला.

महिना संपायला दोन दिवस राहिले होते. दुपारी मी कॉफीसाठी काचेच्या नव्या मगात पाणी तापवलं. तो सांगत होता, आईला फोनवर त्याने अंड्याची गोष्ट कशी सांगितली आणि आई कशी विचारत होती, कोण ही मुलगी म्हणून. मी ऐकत राहिले. पाणी निवलं असेल म्हणून पुन्हा तापवलं. तो पुढे सांगत होता. तो मग मी बाहेर काढला. पाणी अगदी शांत, एक बुडबुडा नाही. मी कॉफीची पूड चमच्यात घेतली…

"नको!"

त्याने माझा हात झटकला आणि तो काचेचा मग दूर ढकलला. तेवढ्यात चमच्यातली पूड आत पडली, आणि सगळं पाणी एकदम उसळून मगाबाहेर आलं! माझ्यावर थेंबही नाही. त्याच्या उजव्या हातावर सगळं.

मी किंचाळले. तो नाही.

मी त्याचा हात धरून नळाखाली नेला. कोणी बर्फ आणला, कोणी टूथपेस्ट. मी सगळ्यांना हाकललं. "काही लावायचं नाही! साधं गार वाहतं पाणी, वीस मिनिटं!"

वीस मिनिटं मी त्याचं मनगट सोडलं नाही. त्याच हाताने तो सुळे कोरायचा.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगितलं होतं. गुळगुळीत मगात पाणी जास्त तापलं, की उकळल्यासारखं दिसत नाही, पण काही टाकलं की उडतं. आधीच लाकडी काडी टाकून ठेवायची." तो थांबला. "तुम्ही बोलता ते सगळं लक्षात राहतं माझ्या. काय करू…"

मी सांगितलेलं! मीच विसरले. कारण मी पाण्याकडे बघतच नव्हते.

दवाखान्यातून हाताला पट्टी बांधून तो परत आला, तर मामा दारातच उभे. त्यांनी ओली फरशी पाहिली, पट्टी पाहिली आणि त्यांचा पारा चढला.

"सांगितलं होतं ना, आणखी एक भानगड झाली तर?"

"हो. माझंच चुकलं," तो शांतपणे म्हणाला.

मी थक्क! खरं सांगते, लाजही वाटली… सगळ्यांना नियम शिकवणारी ताई, तिनेच असा घोळ घालावा? मी गप्प उभी राहिले आणि तो डाव्या हाताने आपल्या कोरण्या एकेक करून पेटीत भरू लागला. शेवटची कोरणी हातातून निसटली. डाव्या हाताची सवय नव्हती ना. ती उचलायला तो वाकला, आणि माझ्याच्याने राहवलं नाही.

"मामा, पाणी मी तापवलं होतं. दोनदा. ह्यांनी मला वाचवलं."

घासण्याची यंत्रं एकदम थांबली. सगळे आमच्याकडे बघत होते.

"तू?" मामा मटकन खुर्चीत बसले. "अगं, तू तर डोळे मिटूनही चुकणार नाहीस! लक्ष कुठं होतं तुझं?"

खोटं सुचलं असतं तर बोलले असते. सुचलंच नाही.

"ह्यांच्याकडे," मी म्हटलं.

पॉलिशवाले काका खोकायला लागले. पण मला शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. मामांनी त्याच्याकडे बघितलं.

"आणि तुम्ही खोटं का बोललात?"

त्याने पेटी खाली ठेवली. चेहरा लालबुंद, आवाज मात्र स्वच्छ.

"त्यांना सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली असती. मला ते बघवलं नसतं. मला त्या आवडतात, मामा. पहिल्या दिवसापासून."

सगळ्यांदेखत! मामांदेखत! मी आजवर इतकी कधी दचकले नव्हते, आणि इतकी सुखावलेही नव्हते.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. मग उठले आणि त्यांनी स्वतः ती पेटी उचलून त्याच्या टेबलावर परत ठेवली. "हात बरा होईपर्यंत कोरायचं नाही," ते म्हणाले. "आणि ही जेवू घालेल. उजव्या हाताने जेवता येणार नाही तुम्हाला."

मी माझा डबा उघडला, चमचा भरला, मध्यापर्यंत गरम आहे ना ते बघितलं आणि बाराजणांसमोर त्याच्या तोंडाशी नेला.

"घ्या," मी म्हटलं.

"घे म्हण," तो म्हणाला.

"घे."