शाय कोण?

लढाई संपली त्या वर्साची गोष्ट. आमच्या गुऱ्हाळावर मी रसाची घागर भरत हुते, आन् पाठीमागनं आवाज आला, "वाईच रस मिळंल का?" वळून बघितलं तर खाकी कपडं, भरदार मिशी... माझ्या हातनं तांब्याच सुटला! दुसरा भरून दिला आन् पळाले. माझी मैत्रीण तानू, तिचा भाऊ कृष्णात पलटणीतनं सुट्टीवर आला हुता, त्योच ह्यो. मग त्यो रोज रस प्यायला यायचा, आन् मी रोज पळायची.

सुट्टी सरली. चार म्हयन्यांनी तानू कागद नाचवत आली.

"दादानं लिवलंय, शायसाठी बांगड्या घेतल्यात, घिऊन येतो. कोण गं ही शाय?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. असलं इंग्रजी नाव म्हंजी मड्डमच असणार! गोरीपान, झगा घातलेली. रस माझ्या हातचा प्यायचा आन् बांगड्या त्या भवानीला? तिरीमिरीत आबांना म्हणलं, "मला बघाय मिरजेचं पाव्हणं बोलवा. मी तयार हाय."

पाव्हणं यायच्या आदल्या दिशी कृष्णात गुऱ्हाळावर हजर. हातात पुडी. या खेपंला मी पळाले न्हाई.

"तुमची शाय कुठं हाय?" मी कडाडले. "तिलाच घाला जावा बांगड्या!"

त्यो खुळ्यावानी बघतच राह्यला. "आगं... तूच की ती! शाय म्हंजी लाजाळू. पलटणीत आमचं एक खेचर हुतं, नवा माणूस दिसला की बुजायचं. सायेब म्हणायचा, शाय हाय. तुला बघितलं आन्—"

"मला खेचर म्हणलासा?"

"न्हाई गं... म्हंजी... व्हय..."

मला लय हसू येत हुतं, पर दाबलं. "उद्या मिरजेचं पाव्हणं येत्यात मला बघाय. तुमचं काय म्हणणं हाय?"

लढाई मारून आलेला गडी, पर खाली मान घालून बुटाच्या टोकानं चिपाडं उकरत बसला. कान लालबुंद.

"मला... तू... म्हंजी..."

"आता शाय कोण?"

"मीच," त्यो पुटपुटला.

मी पुडी वढून घेतली. हिरव्यागार बांगड्या तिथंच हातात चढवल्या. "मला तुमीच पायजे. चला, आबांना सांगू."

मी म्होरं, त्यो मागं. दारात आबा दिसलं आन् गडी जागीच थबकला.

"तुमचं खेचर बुजलं, की तुमी काय करायचासा?" मी हळूच इचारलं.

"लगाम धरून... म्होरं न्ह्यायचो."

मी त्याची बाही धरली.