क्रुसावरचं कोरं रेशीम

"मिस प्रॅट, मी चोर नाही," ऑल्वेन प्यू म्हणाली. "पण हे आजच सिद्ध झालं नाही, तर माझी मुख्याध्यापिकेची जागा गेलीच म्हणून समजा. सार्जंट संध्याकाळी माझ्या शाळेला तार करणार आहेत."

ती चर्चच्या मागल्या बाकावर बसली होती आणि दाराशी सार्जंट बॉडी पहारा देत उभा होता. वेल्समधली ही शिक्षिका ईस्टरच्या सुटीत जुनी चर्चं पाहत हिंडत होती. परवा ती वेटन गावच्या या चर्चमध्ये एकटीच येऊन गेली. आज सकाळी ईस्टरच्या तयारीसाठी पाद्रीबुवांनी वेदीवरच्या क्रुसाचं जांभळं आवरण सोडलं, तर आत चांदीचा क्रूस नव्हताच! वेताच्या दोन काठ्या आडव्याउभ्या बांधून तिथे उभ्या केल्या होत्या.

हिल्डा प्रॅट ही खासगी गुप्तहेर. मिस प्यू राहत होती त्याच लॉजमध्ये ती उतरली होती, म्हणून तिला बोलावणं गेलं. सोबत तिचा मावसभाऊ सिरिल आला. सिरिल मनाने सोन्यासारखा, डोक्याने जरा सावकाश. चोर ओळखायची घाई मात्र सगळ्यात जास्त त्यालाच.

"बाई एकटी होती आणि आवरणाला हात लावताना दिसली," सार्जंट म्हणाला. "आणखी काय पाहिजे?"

"हात का लावलात?" हिल्डाने विचारलं.

"कापड पाहत होते. माझे वडील कापडाचे व्यापारी होते. आमचा पंथ वेगळा, आमच्या प्रार्थनाघरात असलं काही झाकत नाहीत. त्याला शिवायचं नसतं हे मला काय ठाऊक?"

हिल्डाने मान डोलावली आणि मिसेस गाऊकडे मोर्चा वळवला. ही बाई चर्चची झाडलोट करी. तिनेच ते दृश्य पाहिलं होतं, आणि सकाळपासून अर्ध्या गावाला सांगूनही झालं होतं.

"या डोळ्यांनी पाहिलं हो! ईस्टरच्या आधी पंधरवडाभर आम्ही क्रूस झाकतो. त्या दिवसांत गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्याला बोट लावत नाही. आणि ही बया खुशाल कापड चाचपतेय!"

"आवरण तुम्ही शिवलंत?"

"तर काय! जुनं पार कामातून गेलेलं. क्रुसाच्या तिन्ही टोकांना चांदीची फुलं आहेत, पाकळ्या अश्श्या काट्यासारख्या. जाडजूड लोकर होती, तरी दर वर्षी तीन भोकं ठरलेली, आणि रफू करायला मी बसलेली. यंदा म्हटलं, चांगलं कोरं रेशीम आणू."

"चढवलंही तुम्हीच?"

"छे, तो मान विश्वस्तांचा. मी घडी कर्नलसाहेबांच्या हातात दिली नि बाहेर थांबले. त्या वेळी आत दुसऱ्या कुणी जायचं नाही, अशी रीतच आहे."

सिरिल हिल्डाच्या कानाशी लागला. "हिचंच काम. चावी हिच्याकडे, जीभ ही अशी. उगाच का दुसऱ्यावर ढकलतेय?"

"तू जरा दम धर," हिल्डा म्हणाली.

कर्नल टेंच चर्चचे विश्वस्त. मिशा पांढऱ्या, आवाज परेडवरचा.

"मी स्वतः आवरण क्रुसावर चढवलं. चांगलं ताणून घेतलं आणि खाली करकचून आवळलं. गेल्या रविवारीही गाठ तपासली, जशीच्या तशी होती. मग ही बाई उगवली, आणि आज पाहतो तर काठ्या! आणखी कसला तपास करताय?"

"एकट्यानंच चढवलंत?"

"अर्थात. दार लावून. रीत आहे ती."

हिल्डाने आवरण खिडकीशी नेऊन उजेडात पसरलं. "सिरिल, बघ बरं. काय दिसतंय?"

सिरिलने चष्मा लावून कापडाचा इंच न् इंच पाहिला. "काहीच नाही. तळाशी चुण्या आहेत तेवढ्याच. बाकी एक धागासुद्धा निघालेला नाही. मिसेस गाऊंचा हात छान आहे."

"शाबास. यापेक्षा जास्त कुणीच पाहिलं नसतं." हिल्डाने मिसेस गाऊला जुनं आवरण आणायला सांगितलं. दोन्ही आवरणं तिने शेजारी शेजारी पसरली. जुन्या लोकरीवर तीन ठिकाणी रफूची जाड ठिगळं उठून दिसत होती.

"सार्जंट, ही तीन भोकं दर वर्षी पडत होती. लोकर जिथे टिकली नाही, तिथे हे नाजूक रेशीम पंधरवडाभर ताणून बांधलं होतं, आणि याला साधा ओरखडा नाही. कसं?"

सार्जंटने हनुवटी खाजवली. "पाकळ्या टोचल्या नाहीत... म्हणजे पाकळ्या नव्हत्याच?"

"नव्हत्याच. हे रेशीम क्रुसावर कधी चढलंच नाही. पहिल्या दिवसापासून आत काठ्याच होत्या. मिस प्यू तेव्हा वेल्समध्ये फळ्यावर गणितं लिहीत होत्या. मिसेस गाऊ दाराबाहेर होत्या. आत एकच माणूस होता, आणि क्रूस झाकला असं तो छातीठोक सांगतोय. चोरीची वेळ त्याने झकास निवडली, कारण ईस्टरपर्यंत आवरणाला गावातलं कुणी हात लावणार नव्हतं. पण रफूचं दुखणं बायकांचं. ते कर्नलसाहेबांच्या कानावर जाणार कसं?"

"मूर्खपणा!" कर्नल गरजले, पण आवाज मध्येच चिरकला.

"मग सार्जंटना तुमचं घर पाहू द्या."

कर्नल मटकन बाकावर बसले. "बुटांच्या कपाटात आहे," ते पुटपुटले. "मंगळवारी लंडनचा व्यापारी येणार होता."

सिरिल आ वासून पाहतच राहिला. मिसेस गाऊने मान खाली घातली. आज सकाळपासून आपली जीभ किती चालली, हे तिला आता आठवत असावं.

सार्जंटने मिस प्यूपुढे हात केला. "झालं गेलं विसरून जा, बाई. आता तार नाही."

तिने हात घेतला नाही. दाराबाहेर फुलांच्या टोपल्या घेऊन अर्धं गाव खोळंबलं होतं. सकाळी याच लोकांसमोर त्याने तिचा दंड धरला होता.

"मला चोर म्हणालात ते बाहेर, सगळ्यांदेखत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गात शिकवतानाचा होता. "आता कानात सांगून भागणार नाही."

सार्जंट लालबुंद झाला. त्याने हिल्डाकडे पाहिलं. तिने नुसतं दाराकडे बोट केलं. मग तो बाहेर पायरीवर गेला, डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "या बाई निर्दोष आहेत. चूक माझी झाली."

मिस प्यू त्याच्या शेजारून ताठ मानेने बाहेर पडली.