अक्रोडाच्या बागेतली हाक

सोमवारचा डबा मंगळवारी दुपारीही पायरीवरच पडून होता.

व्हर्ना गाडीतून उतरली आणि दोन्ही डब्यांकडे बघत उभी राहिली. हातातला आजचा, पायरीवरचा कालचा. कालच्याला मुंग्या लागल्या होत्या. आत मक्याचा पाव, घेवडा आणि पीचच्या फोडी जशाच्या तशा. एनॉस एक वेळ पाव टाकील, पण पीच टाकणाऱ्यातला तो नव्हे.

काउंटीच्या तुरुंगात बावीस वर्षं पहारा करून व्हर्ना निवृत्त झाली होती. आता आपल्या मूळनिवासी जमातीतल्या अकरा म्हाताऱ्यांना दुपारचा डबा पोचवायची. एनॉस त्यातला सगळ्यांत म्हातारा, शहाऐंशीचा, आणि तिचा सख्खा मामा. पण त्याला मामा म्हटलेलं चालत नसे. "आईनं नाव ठेवलंय मला, ते काय पेटीत ठेवायला?" असं तो खेकसायचा. लहान पोरंसुद्धा त्याला एनॉसच म्हणत.

दार उघडंच होतं. अंथरूण आवरलेलं. खटारा ट्रक दारात, पुढचं चाक बसलेलं, म्हणजे तो स्वतः गाडी घेऊन गेला नव्हता. खुंटीवर रोजची टोपी होती. काळी हॅट मात्र नव्हती. ती हॅट तो दोनच ठिकाणी घालायचा: कुणाच्या मयताला, नाहीतर कॉर्डेरो गावाजवळच्या अक्रोडाच्या बागेत जाताना. आणि या महिन्यात मयत झालं नव्हतं.

व्हर्नाला काळजी लागली. म्हातारा हरवला म्हणून तर लागलीच, पण गुरुवारसाठीही.

गुरुवारी कॉर्डेरोच्या हायस्कूलमध्ये सुनावणी होती. अक्रोडाची ती बाग जमातीनं विकत घेतली होती. तिथे कॅसिनो आणि हॉटेल बांधायचं होतं. बागेला लागूनच ऑटर पार्क. फाटकावर हॅट घातलेलं तीन मजली पाणमांजर, आत पाळणे, घसरगुंड्या, देशभरातून येणारी पोरंबाळं. पोरांच्या शेजारी जुगार नको, अशा पाट्या अर्ध्या गावानं अंगणात लावल्या होत्या. कॅसिनोला परवानगी द्यायला वॉशिंग्टनहून येणारे अधिकारी मात्र एकच विचारणार होते: तुमची माणसं खरंच इथली होती का? त्या बागेत जन्मलेला माणूस आता एकच उरला होता. त्याच्या तीन मिनिटांच्या बोलण्यावर कॅसिनोच्या पैशांतून व्हायची दोनशे बारा माणसांची घरं, दवाखाना आणि नळाचं पाणी टांगलेलं होतं. सध्या पाणी टँकरनं यायचं, तेही आलं तर.

पोलीस डेप्युटी पिंकहॅम आला, घर बघून गेला. म्हाताऱ्याला विसरायला होतं का, असं त्यानं दोनदा विचारलं. शोधाची कुत्री काउंटीच्या पलीकडच्या टोकाला होती. परत आली की पाठवतो, म्हणाला. कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग व्हर्नानं स्वतःच विचारपूस सुरू केली.

शेजारची डोरिया टोपलीचं विणकाम मांडीवर घेऊन बसली होती. तिचा नवरा शरदात वारला होता. वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे ती त्याला नुसतं 'हे' म्हणायची.

"एनॉस कधी दिसला शेवटचा?"

"रविवारी. दारावर पाणमांजराचं चित्र असलेली पांढरी गाडी आली होती. एनॉसनं त्या माणसाला पार रस्त्यापर्यंत घालवून दिलं, काठी उगारून. हे असते तर पोट धरून हसले असते."

"आणि सोमवारी?"

सोमवारी ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. चारला परतली तेव्हा डबा पायरीवर होताच.

पांढरी गाडी केसलरची, पार्कच्या व्यवस्थापकाची. हिवाळ्यात सोमवार-मंगळवार पार्क बंद असे, पण हा बिचारा खेळण्यातल्या पाणमांजरांच्या ढिगात हिशेब करत बसला होता. व्हर्नाला वाटलं होतं, हा टाळाटाळ करील. त्यानं खुर्ची पुढे केली.

"काय मागायला गेला होतात एनॉसकडे?"

"साक्ष देऊ नका, असं सांगायला. लपवत नाही मी. पार्कमध्ये त्यांच्या नावाचा फलक लावतो म्हणालो. आडनावाचा उच्चारसुद्धा तीनदा विचारून घेतला."

"मग?"

"काठी उगारली." केसलर थोडा ओशाळला. "पण जाता जाता एक बोलले. म्हणाले, गुरुवारी मी जे सांगेन ते तुलाही आवडणार नाही आणि माझ्या भाच्यालाही."

सोमवारी तो दिवसभर पाळण्यांच्या तपासनीसांबरोबर होता. व्हर्नानं त्या चौघांना विचारून खात्री करून घेतली.

भाचा म्हणजे लीलंड. जमातीचा अध्यक्ष, व्हर्नाचा मावसभाऊ. त्याची आई लवकर गेली आणि नऊ वर्षांच्या व्हर्नानं त्याला कडेवर वाढवलं. दोघांनाही शिकवलं ते एनॉसनं, अक्रोड फोडायची मजुरी करून करून. लीलंड हुशार निघाला, वकिलांशी वकिलासारखा बोलायला लागला. कॅसिनोमागे त्यानं अकरा वर्षं घातली होती.

तो कचेरीत नकाशापुढे उभा होता. व्हर्ना दचकलीच. त्याची कमरेपर्यंतची वेणी नव्हती. केस कानाच्या वर, वेडेवाकडे.

"हे रे काय करून घेतलंस?"

"गुरुवारी टीव्हीवाले येणारेत, ताई. वकील म्हणाले, जरा नीट दिसा."

"वकिलानंच कापले वाटतं, असे. बरं, एनॉस तुला शेवटचा कधी भेटला?"

"शनिवारी. जेवायला बोलावलं होतं त्यांना."

"काही म्हणाला?"

"मामा काय म्हणणार? साक्षीची तयारी झालीय म्हणाले."

व्हर्नाला हसू आलं. "मामा म्हणतोस? ऐकलं तर काठी फेकून मारील तुला."

लीलंड हसला नाही. झोप नाही झाली दोन दिवस, म्हणाला. डोळे खरंच लाल होते, आणि तिला त्याची दया आली.

बुधवारी सकाळी तिनं चाळीस माणसं जमवली आणि हॅटच्या भरवशावर त्यांना बागेत नेलं. एकेक रांग धरून सगळे झाडांमधून चालू लागले. पलीकडे पार्क सुरू झालं होतं. दर चार मिनिटांनी मोठा पाळणा खाली यायचा आणि पोरं किंचाळायची. किंचाळणं थांबलं की इकडून हाका उठायच्या. एनॉस... एनॉस... डोरियाचा चिरका आवाज सगळ्यांच्या वर.

लीलंडनं ओढ्याकडची रांग स्वतःहून घेतली होती. झऱ्यापाशी कालच बघून आलोय, तिकडे नका जाऊ, असं त्यानं माणसांना सांगितलं. व्हर्ना त्याच्या मागच्या रांगेत होती. तोही हाका मारत होता, बाकीच्यांसारखाच तोंडाशी हात धरून.

"ओ... ओ... कुठे आहात?"

पाळणा खाली आला. पोरं किंचाळली. पुन्हा शांत झालं.

"ओ... ओ..."

व्हर्ना जागच्या जागी थांबली.  मग ती पुढे झाली, त्याचा दंड धरला आणि त्याला एका झाडाआड घेऊन गेली.

"लीलंड, नावानं हाक मार."

"मारतोय की."

"ओ ओ करतोयस. नावानं मार. एकदाच."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"नाही ना घेता येत?" व्हर्ना हळूच म्हणाली. "काल तू 'त्यांना' म्हणालास. 'मामा' म्हणालास. जन्मभर ज्याला तू अरेतुरे केलंस, तो एका रात्रीत अहो कसा झाला? मी हसले, मूर्खासारखी. डोरिया वर्षभर नवऱ्याला 'हे' म्हणतेय, ती उगाच का? गेलेल्याचं नाव वर्षभर घ्यायचं नाही, घेतलं की तो मागे वळतो आणि वाट चुकतो. हे आपल्याला शिकवलं कुणी? आणि हे केस. वकिलाचा काय संबंध? घरचं माणूस गेलं की आपण कापतो, आरशात न बघता, म्हणून असे वेडेवाकडे. चाळीस माणसं जिवंत माणसाला शोधतायत. एकट्या तुला ठाऊक आहे तो गेलाय. हॅट घालून तो कुणाच्याही गाडीत बसला नसता, तुझ्या बसला. आणि त्या झऱ्याकडे तू कुणाला फिरकू देत नाहीस."

लीलंड झाडाला टेकून खाली बसला. वेणी नसल्यानं त्याची मान शाळकरी पोरासारखी दिसत होती.

त्यानं सगळं सांगितलं. सोमवारी म्हाताऱ्यानंच बागेत न्यायला सांगितलं होतं. झऱ्यापाशी नेऊन पाय रोवून उभा राहिला. इथे माझी आई आहे, म्हणाला. तापाच्या साथीत गेलेल्या सगळ्यांची राख इथे पुरली आहे. जमीन आपली आहे हे मी गुरुवारी सांगणार, आणि इथे कुदळ लावायची नाही हेही सांगणार. हॉटेलचा पाया नेमका तिथेच आखलेला होता. नकाशा बदलला तर पैसे लावणारे निघून जाणार होते.

"मी नुसती बाही धरली, ताई. ते हिसडा देऊन वळले आणि दगडावर पडले."

"तेव्हाच गेले?"

त्यानं मान हलवली.

"नाही. श्वास चालू होता. फोन माझ्या हातात होता. मी नंबर लावला नाही. गुरुवार डोळ्यांपुढे होता फक्त. अर्ध्या तासानं श्वास थांबला. मग मी त्यांना तिथेच पुरलं, त्यांच्या आईपाशी. हॅटसकट."

व्हर्नाला वाटलं, याच्या मुस्काटात मारावी. वाटलं, याचं डोकं मांडीवर घ्यावं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"उद्यापर्यंत थांब," लीलंड म्हणाला. "एकच दिवस. सुनावणी होऊ दे, मग मी स्वतः जातो पिंकहॅमकडे. दोनशे माणसांसाठी थांब."

"थांबले असते रे," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. "पण ही सगळी त्यांना नावानं हाका मारतायत."

ती झाडाआडून बाहेर आली आणि हात वर केला. आता हाका मारू नका, एवढंच तिनं जवळच्या माणसाला सांगितलं. त्यानं पुढच्याला सांगितलं. एकेक आवाज थांबत गेला. डोरियाचा सगळ्यांत शेवटी.  पुरुषांनी टोप्या काढल्या. पलीकडे पाळणा खाली आला आणि पोरं किंचाळली.

पिंकहॅमनं वही काढून विचारलं, तुम्हाला कशावरून कळलं? त्यानं नाव घेतलं नाही यावरून, असं व्हर्ना म्हणाली तेव्हा त्याचं पेन थांबलं. एवढ्यावर कुणाला पकडता येत नाही, बाई, म्हणाला. पण लीलंड आधीच त्याच्या गाडीत मागे जाऊन बसला होता.

गुरुवारी हायस्कूलची जिम खचाखच भरली होती. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला जमात. अध्यक्षाची खुर्ची रिकामी. यादीत सातव्या बोलणाऱ्याचं नाव कुणी खोडलं नव्हतं, कारण खोडायला सांगायचं म्हणजे ते घ्यावं लागलं असतं. कारकून मुलीनं ते माइकवर पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा. एका बाजूच्या सगळ्या माना खाली गेल्या.

व्हर्ना उठून माइकपाशी गेली. भिंतीवर लाल आकड्यांत तीन मिनिटं धावायला लागली.

"आपण कुणाच्या वतीनं बोलताय?" मुलीनं नम्रपणे विचारलं. "नोंदीसाठी नाव घ्यावं लागेल."

"माझ्या मामांच्या."

"पूर्ण नाव, प्लीज. नावाशिवाय नोंद होत नाही."

व्हर्नानं तोंड उघडलं. समोर डोरियानं कानांवर हात ठेवले. दोन मिनिटं उरली. दीड. तुरुंगातल्या बावीस वर्षांत कुठल्याही दारापुढे तिचे हात असे लुळे पडले नव्हते. झाडाला टेकून बसलेला लीलंड तिला आठवला, ओठ हलवणारा, आणि तिला रडू फुटलं.

तेव्हा पलीकडच्या बाजूला केसलर उभा राहिला. त्यानं ते नाव घेतलं, आडनावासकट, स्वच्छ, कुठेही न चुकता. बाईंना मदत करावी, एवढंच त्याच्या मनात होतं. जमातीच्या रांगा वाऱ्याचा झोत आल्यासारख्या हलल्या. मुलीनं त्याचे आभार मानून नाव टाइप केलं.

चाळीस सेकंद उरले होते.

"ते त्या बागेत जन्मले," व्हर्ना म्हणाली. "झऱ्यापाशी. त्यांची आई तिथे आहे, आमची पुष्कळ माणसं तिथे आहेत. जमीन आमची आहे. तिथे खणू नका. कुणीच."

घंटा वाजली.

"म्हणजे प्रस्तावाच्या बाजूनं, की विरोधात?" मुलीनं विचारलं. "एकाच चौकटीत खूण करता येते."

व्हर्नानं जमातीच्या रांगांकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही. ती माइकपाशी नुसती उभी राहिली. मुलीनं थोडा वेळ वाट पाहिली, मग घड्याळाकडे बघून स्वतःच एका चौकटीत खूण केली आणि आठवं नाव पुकारलं. कुठल्या चौकटीत, ते व्हर्नाला तिथून दिसलं नाही.