देवकाबाईपेक्षा मोठा शब्द

त्या पोरानं आमच्या हातमागाच्या खोलीत पाय ठेवला आणि कमरेपर्यंत गायब झाला.

"आई... बुडला वं!" दामिनी किंचाळली.

बुडतो कसला! नाल्याचं पाणी तीन दिवस मोहाडीत मुक्काम करून ओसरलं होतं, पण हातमागाच्या खड्ड्यांत गढूळ पाणी तसंच होतं. विणणारा पाय सोडून बसतो, तो खड्डा. माझे माग चार, खड्डे चार. हा नेमका पहिल्यात. हातातला टॅब मात्र वसुदेवानं टोपली धरावी तसा डोक्यावर.

माझ्या लेकीनं हात दिला. तो वर आला, पण हात काही लगेच सुटला नाही... मी खाकरले.

"मी कुंदन. वरठीहून आलो. नुकसानीची सरकारी पाहणी कराची आहे, काकू."

"अन् पाहणीले येताना डोळे घरी ठेवले का गा?"

दामिनी हसली. पूर आल्यापासून पहिल्यांदा. तोवर भांडं पडलं तरी पोर दचकायची. दचकायची मीही, पण मी दाखवत नाही.

टॅबवर सगळं इंग्रजी. मी तिसरीतून उठलेली. दामिनी वाचून सांगू लागली, "आई, यानं 'डॅमेज्ड' लिहिलं."

"शेजारच्या देवकाबाईचं काय लिहिलं?"

"टोटली डिस्ट्रॉइड, काकू," तो म्हणाला.

"दोघांत मोठा शब्द कोनता?"

"त्यांचा..."

"तिचे माग दोन, माझे चार. अन् मोठा शब्द तिले? लिही माझ्यापुढंही तोच!"

देवकाबाईची भिंत पडली होती आणि माझी उभी होती. पण तोंड सुटलं की मला समोरची भिंत दिसत नाही. तिचं नुकसान मोठं, म्हणून माझं का कमी ठरावं? त्याला मी असं धुतलं की अंगावरचा गाळही लाजला असेल. त्यानं एकदा दामिनीकडं पाहिलं... आणि बोट सरकवलं. चूक तिथं झाली.

मग आठवडाभर तो गल्लीत येत राहिला. पाहणी कुठल्याही घरची असो, संपायची आमच्या उंबऱ्यावर. दामिनी मागाच्या फणीतला गाळ ब्रशनं काढत बसायची, तो तिला पाणी ओतून द्यायचा. आत मी सुताच्या कांड्या निवडत असायची. म्हणजे, कान बाहेर.

"नाश तर एकच ना? मग एवढे शब्द कायले?" तिनं विचारलं.

"एक कसा? डॅमेज म्हणजे मोडलं, पण दुरुस्त होते. डिस्ट्रॉय म्हणजे गेलं, हात लावूनही फायदा नाही. डिमॉलिश पाणी करत नाही, माणूस ठरवून पाडते. तुमच्या आईनं मले बोलून पाडलं ना, तिथंही चालते. रुइन तर साडीवर चहा सांडला तरी म्हणतात."

"अन् माणसाचं मन?"

"ते डिव्हास्टेट होते... भिंत उभी असते, आतलं सारं वाहून जाते."

"तुमचं झालं का कधी?"

"अजून नाही. पण तुम्ही नाही म्हटलं तर—"

"तुम्ही काही विचारलंच नाही. नाही कशाले म्हणू?"

ब्रश थांबला. पाणी मात्र सांडतच राहिलं... पोर चालली, असं मला वाटलं.

सोमवारी दारावर कागद चिकटला. कुंदननं वाचला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर गेला.

"बोल ना गा!"

"पूर्ण नष्ट झालेली इमारत... वापराले धोकादायक. गुरुवारी मशीन येऊन पाडणार."

"पण खोली तर उभी आहे!"

"कागदावर पडली, काकू. मीच पाडली."

तेव्हापासून रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला तरी मी दाराशी धावायची. नवरा गेल्यावर त्या चार मागांवर मी घर ओढलं होतं. माझ्याच जिभेनं मी ते मशीनच्या तोंडी दिलं होतं.

मंगळवारी दुपारी दोघं अंगणात हळू बोलत होती.

"मी लिहून देतो, शब्द खोटा होता म्हणून."

"अन् तुमचं काम?"

"जाईल."

"मग नका देऊ."

"वेडी आहेस का? मागाशिवाय तू काय करशील?"

"तुझ्याशिवाय काय करू... ते सांग आधी."

माझ्या हातातली कांडी घरंगळली. मशीनला मी भ्याले नव्हते एवढी या वाक्याला भ्याले. माझ्या एका शब्दापायी हा काम घालवणार, नाहीतर ही माग.

पदर खोचला आणि तहसील कचेरीत गेले. बाकावर कोण? देवकाबाई. आणखी कोण असणार!

"साहेब, पोराची चूक नाही. मी दमात घेऊन लिहाले लावलं. माझं मोडलं आहे. गेलं ते हिचं." देवकाबाईनं सरकून मला बाकावर जागा दिली. बोलली असती तर परवडलं असतं.

साहेबांनी कुंदनकडूनही लिहून घेतलं. म्हणाले, "गुरुवारी इंजिनिअर पाहतील. मशीन येणारच. खोली धड असली तर परत जाईल."

गुरुवारी पिवळं मशीन गल्लीच्या तोंडाशी घुरघुरत उभं राहिलं. इंजिनिअरनं भिंती ठोकल्या, मान हलवली. "रिकामी उभी राहील हो. पण माग चालला की ठोका बसते. त्यानं अंगावर येईल."

"मग चालवूनच पाहा!" आणि मी हात धरायच्या आत दामिनी आत जाऊन मागावर बसली. साफ करून सूत चढवलेला एवढा एकच माग होता.

ठक... ठक... ठक...

आढ्यातून मातीचा भुगा गळला. सगळे अंगणात पळाले. मी उंबऱ्यावरून तिला हाक मारली. आणि माझ्या बाजूनं कुंदन गेला. आत.

"बाहेर जा!" तिचा आवाज.

"तू ये."

"मी उठली तर खोली जाईल."

"बस मग. मीही बसतो."

"भेव नाही वाटत?"

"लय वाटते. म्हणून तर जवळ बसून राहिलो."

ठोका एकदा चुकला... मग पुन्हा लागला. इंजिनिअर बाहेरून भिंतीला तळवा लावून उभा. वीतभर कापड होईपर्यंत मी ठोके मोजत राहिले.

"डॅमेज्ड," तो अखेर म्हणाला. "दुरुस्त करून घ्या." मशीन मागं सरकलं.

पुढच्या आठवड्यात कुंदनचं काम गेलं. तरी आला. ओसरीवर उभा, केस विंचरलेले.

"काकू, सध्या माझ्यापाशी काम नाही. हे सांगूनच विचारतो... दामिनीले मागाले आलो."

आमच्यात मुलाकडचे येतात, मुलीकडचे बसून राहतात. मी तर आजवर कुणाच्या दारी काही मागायला गेलेच नव्हते.

"घरी कोन आहे तुह्या?"

"आई."

"तिले सांग, रविवारी मी येऊन राहिली वरठीले. चहात साखर कमी टाकजो म्हनाव."

तो हसला. दाराआड बांगड्या वाजल्या. आणि मी पाठ फिरवून कांड्या निवडू लागले. त्याच्या आईनं नाही म्हटलं तर, ही भीती मला कुणाला दाखवायची नव्हती.