पिवळा बाण

आठशे वर्षे ज्याने ऊन, पाऊस आणि इतिहास-संशोधक हे तिन्ही सोसले, त्या दगडावर कोणीतरी नुकताच पिवळ्या ऑइलपेंटने एक बाण काढला होता. रंग अजून ओला होता. बाण उजवीकडे वळत होता आणि त्याचे टोक एका अप्सरेच्या मनगटात रुतले होते.

दगड म्हणजे वीरगळ, गावच्या गाई सोडवताना पडलेल्या एका अनाम माणसाची स्मृतिशिळा. खालच्या चौकटीत तो लढतो आणि पडतो, मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला वर नेतात, सर्वांत वर तो हात जोडून महादेवासमोर बसतो. त्र्यंबकेश्वरच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून दीड तास जंगलातून चालले की एका पडक्या देवळाच्या दाराशी तो उभा दिसतो. डिसेंबरातल्या त्या रविवारी मी तिथे चौथ्या वर्षाचे मोजमाप घ्यायला गेले होते. मोजपट्टी हातात तशीच राहिली. राग आला की मी ओरडत नाही. माझी वाक्ये लांब आणि निर्दोष होत जातात. माझे विद्यार्थी त्याला अधिक घाबरतात.

तेवढ्यात कारवीच्या वाळक्या झुडपांतून करकरत एक सायकल आली. जाड टायर, चिखलाने माखलेला सांगाडा, आणि वर तसाच माखलेला माणूस.

“मॅडम, जरा बाजूला! मागून चाळीस जण येतायत.”

“हा बाण आपण काढलात?”

“हो.” त्याने हेल्मेट काढले, कपाळ पुसले, आणि खरोखरच अभिमानाने विचारले, “लांबून दिसतो ना?”

“दिसतो. तेराव्या शतकातूनही दिसत असावा.”

तो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने हसणे हळूहळू आवरते घेतले.

“या शिळेवर जो माणूस कोरला आहे,” मी म्हणाले, “तो जगला आणि मेला याची एवढीच नोंद पृथ्वीवर शिल्लक आहे. तिचा आपण सायकलींच्या शर्यतीसाठी पाटी म्हणून उपयोग केलात, याबद्दल त्याच्या वतीने मी आपले आभार मानते.”

दुसरा कोणी असता तर भांडला असता, किंवा ‘सॉरी’ म्हणून निघून गेला असता. हा उकिडवा बसला. दगडावर इतका वाकला, की त्याच्या श्वासाने रंग वाळेल असे मला वाटले.

“अरे… हा पडलाय इथं.” त्याचा आवाज उतरला. “आणि गाई बघा ना. पुढं पळतायत, पण माना मागं वळवल्यात. त्याच्याकडं बघतायत.”

मी पाहिले. चार वर्षे मी त्या गाई मोजत होते; सात आहेत, हे मी दोन शोधनिबंधांत लिहिले होते. त्या मागे वळून पाहतात, हे मला दिसले नव्हते.

त्याने जर्सीच्या बाहीने रंग पुसायला घेतला. “घासू नका!” मी त्याचा हात धरला. “आत जिरेल. टिपा… नुसता टिपा.” मग हात सोडायचे राहून गेले आणि ते दोघांच्याही एकदमच लक्षात आले.

टिपून टिपून बाणाचा एक डाग उरला. “आता चाळीस जण चुकणार,” तो म्हणाला, आणि वाटेच्या फाट्यावर जाऊन, येणाऱ्यांकडे पाठ करून, उजवा हात आडवा धरून उभा राहिला. स्वतःच बाण होऊन. सव्वादोन तास. घामाने थबथबलेले लोक सायकलींवरून येत, त्याच्या हाताकडे पाहत आणि वळत.

“दुखत असेल तर हात बदला,” मी अखेरीस म्हणाले.

“डावा केला तर डावीकडं जातील, मॅडम. तिकडं दरी आहे.”

त्याचे नाव शेखर गांगुर्डे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ऑपरेटर. आठवडाभर पाळ्या, आणि रविवारी मित्रांना घेऊन डोंगरांतून सायकली. जाताना त्याने विचारले, “हा डाग निघेल ना?” मी म्हणाले, “निघेल. मी काढीन.” तो म्हणाला, “लावला मी. काढणार तुम्ही एकट्या कशा?”

*

दगडांच्या संवर्धनाचे काम करणाऱ्या एका स्नेह्याने पद्धत सांगितली: औषध कालवलेल्या मातीचा लेप तळहाताएवढ्या जागेवर लावायचा, दोन तास वाळू द्यायचा, अलगद सोडवायचा. लेपाबरोबर थोडा रंग येतो. पुढचा तळहात पुढच्या वेळी.

लेप वाळण्याचे ते दोन तास… माणसांनी काय करावे, याबद्दल स्नेह्याने काही सांगितले नव्हते.

शेखरने माझ्यासाठी जुनी सायकल आणली. चालत येण्यात वेळ जातो, असे कारण. तेहतिसाव्या वर्षी, पीएच.डी. झालेली बाई घाणेरीच्या झुडपात डोके खाली, चाके वर अशी पडते, तेव्हा तिच्या पदव्यांचा काही उपयोग होत नाही, एवढे ज्ञान मला पहिल्याच दिवशी झाले.

“चाकाकडं बघू नका, डोंगराकडंही बघू नका,” तो मागून ओरडायचा. “चार हात पुढं बघा. तेवढाच चढ आपला!”

“आणि त्यापुढचा?”

“तो तिथं गेल्यावर!”

सागाची कोरडी पाने चाकांखाली कुरकुरत. चढ संपला की रान एकदम संपायचे आणि खाली सपाटी उलगडायची: द्राक्षबागांच्या ओळी, मधूनच चमकणारे पाण्याचे पाट. हवा स्वच्छ असेल त्या सकाळी तो पूर्वेकडे बोट दाखवी. “त्या आमच्या केंद्राच्या चिमण्या.” मला धुक्याखेरीज काही दिसत नसे. “दिसल्या,” मी म्हणे. पुराव्याशिवाय विधान करण्याची माझ्या आयुष्यातली ती सुरुवात.

रात्रपाळीहून तो तसाच येई. नखांत राख, डोळ्यांत जागरण. देवळाच्या पायरीला टेकून कधी झोपून जाई, आणि मी टिपणवही उघडून बसे. त्या वहीत त्या आठवड्यांचे एकही टिपण नाही.

जवळच्या पाड्यावरची भागीबाई लाकडाची मोळी घेऊन तिथून जायची. पहिल्या रविवारी तिने नुसते पाहिले. चौथ्या रविवारी मोळी खाली ठेवली.

“काय गं बाई, लय दिस झाले. वीरबाबाची आंघोळ व्हत नाय व्हय अजून?”

“नाजूक काम आहे, मावशी.”

“नाजूक हे, दिसतंय ना मला.” तिने झोपलेल्या शेखरकडे हनुवटी केली. “माझा म्हातारा मला बघाया आला तवा आमच्या दारची चूल लिंपत व्हता. तीन दिस लिंपली. एवढीशी चूल!”

ती हसत निघून गेली. मी लेप कालवत राहिले, आणि तो पातळ झाला.

कारण भागीबाईला जे कळले होते, ते मलाही कळले होते. डाग पाचव्या रविवारी निघू शकत होता. उरली होती फक्त अप्सरेच्या मनगटावरची एक पिवळी रेघ, बांगडीएवढी. आणि मी, जिने एका सहकाऱ्याची चूक दाखवण्यासाठी अकरा पाने खर्च केली आहेत, ती मी तळहाताऐवजी बोटाएवढा लेप लावू लागले, मग नखाएवढा. स्नेह्याला दर आठवड्याला पाठवायच्या अहवालात लिहीत राहिले: ‘डाग अंशतः शिल्लक. काम चालू.’ रेघ संपली असती, तर रविवारही संपले असते.

सहावा, सातवा, आठवा. त्याने काही विचारले नाही. मी काही सांगितले नाही. त्याने दिलेला चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरायचे, जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ… आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत वर्गात शिकवताना तळव्यांना तोच ऊबदारपणा आठवायचा.

दहाव्या रविवारी तो लेपाकडे पाहत म्हणाला, “बदली झाली माझी. विदर्भातल्या केंद्रावर. अकरा दिवसांनी, गुरुवारी निघायचं.”

“अभिनंदन,” मी म्हणाले. इतके शुद्ध आणि इतके निरर्थक वाक्य मी आजवर उच्चारले नव्हते.

“पुढच्या रविवारी शेवटची राइड आहे. सगळे येतायत. हल्ली आम्ही रंग वापरत नाही, वळणावर माणूस उभा करतो.” त्याने लेपाची कड बोटाने चाचपली. “इथल्या फाट्यावर… तुम्ही उभ्या राहाल?”

*

पळस फुलला होता. मी सकाळी सातपासून उजवा हात आडवा धरून उभी होते. एक-एक सायकल येई, माझ्या हाताकडे पाही आणि वळे. अडतीस, एकोणचाळीस. खांदा ठणकू लागला तेव्हा समजले, त्या पहिल्या दिवशी त्याने सव्वादोन तास काय सोसले होते, आणि तेही एका अनोळखी, कडवट बाईने टोमणा मारला म्हणून.

तो सर्वांत मागे येणार होता, कोणी राहिले-पडले तर उचलायला. कारवीतून चेनची करकर ऐकू आली. चार हात पुढे… मी स्वतःला बजावले.

मी उजवा हात खाली घेतला आणि डावा वर केला. फाट्याची डावी वाट दरीच्या कडेने, चार पावलांवरच्या देवळाकडे, दगडाकडे जात होती.

त्याने ब्रेक दाबला. धूळ उडून आम्हा दोघांवर बसली.

“मॅडम, रस्ता उजवीकडं आहे.”

“त्यांचा. आपला नाही.”

तो सायकलवर तसाच, एक पाय जमिनीवर टेकून.

“शेखर, मला एक कबुली द्यायची आहे. तो डाग पाचव्या रविवारीच निघाला असता. मी निघू दिला नाही. अहवालात खोटे लिहिले. एका संरक्षित होण्याच्या योग्यतेच्या अवशेषावर मी… केवळ स्वतःच्या…” वाक्य लांब होत गेले, आणि आयुष्यात प्रथमच ते मला पूर्ण करता आले नाही.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“पाचव्या रविवारपासून. तुमचे हात इतके हळू चालत नाहीत, साधना. मला वाटायचं, मी बोललो तर तुम्ही शरमेनं एका दिवसात पुसून टाकाल.”

माझे नाव त्याच्या तोंडी प्रथमच आले होते. दूर कुठे तरी मोर ओरडला, आणि इतक्या नेमक्या वेळी ओरडल्याबद्दलही मला त्याचा राग आला नाही.

आम्ही दगडाशी गेलो. लेप मी घरूनच कालवून आणला होता, घट्ट आणि पुरेसा. शेखरने डबा पाहिला, मग माझ्याकडे पाहिले.

“ठेवू या ना तेवढी रेघ,” तो हळूच म्हणाला. “मी सुट्टीवर येईपर्यंत.”

“नाही. आपल्या कारणासाठी याला वेठीला धरले, तेवढे पुरे झाले.”

दोघांनी मिळून लेप लावला. दोन तास बसलो. त्याचा खांदा माझ्या ठणकणाऱ्या खांद्याला लागून होता. मग त्याने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने लेप सोडवला. मनगट मोकळे झाले, काळे, नितळ, रंगाचा कण नसलेले. खालच्या चौकटीत सात गाई मागे वळून पाहत होत्या.

“झालं,” तो म्हणाला. “आता पुढच्या रविवारी काय सांगून भेटायचं?”

“काही सांगायचं नाही. किती लांब आहे ते?”

“सातशे किलोमीटरच्या वरच.”

“ते नाही विचारलं.” मी सायकल उभी केली, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवला. “चढ किती आहे?”

तो पाहतच राहिला. मग पहिल्या दिवशी आवरते घेतलेले ते हसू त्याने पुरे केले.

“जाताना बहुतेक उतारच आहे.”

“म्हणजे येताना चढ.”

“तो माझा,” शेखर म्हणाला, आणि माझ्या सायकलच्या हँडलवर, माझ्या हाताशेजारी, त्याने आपला हात ठेवला. या वेळी सोडायचे राहून गेले, असे आम्हा दोघांपैकी कोणालाही म्हणता आले नसते.