पहिली बादली

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारी घडली. शनिवार होता, बाहेर रणरणतं ऊन होतं आणि गॅरेजचं शटर सताड उघडं होतं.

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण हे ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा थोरला मामा आहे, आणि त्याला साधी थाप मारायची म्हटली तरी धड जमत नाही.

मामा मेकॅनिक आहे. गाडी गरम होत असेल तर लोक त्याच्याचकडे येतात. बाकीचे गॅरेजवाले त्याला 'थंडोबा' म्हणतात. एक तर काम तसलं, आणि दुसरं म्हणजे गिऱ्हाईक कितीही डोक्यावर बसलं तरी मामा कधी घाई करत नाही.

त्या एका दिवशी केली.

धाकटा मामा म्हणजे त्याच्या अगदी उलट, कायम घोड्यावर बसून आलेला. लहानपणापासून त्याला वेगवान गाडीचं वेड. चाळिशी उलटल्यावर त्याने एक जुनी टर्बो स्पोर्ट्स कार घेतली. दोनच दारं, पोट जमिनीला टेकलेलं, गडद निळा रंग. रोज सकाळी तो ती फडक्याने पुसायचा. माझ्याकडे कधी एवढ्या प्रेमाने बघितलं असतं तर, असं धाकटी मामी म्हणायची आणि हसायची.

गाडी जोरात पळायची. तक्रार एकच होती.

इंजिन गार ठेवणारं पाणी कमी व्हायचं.

दर थोड्या दिवसांनी लाल दिवा लागायचा. झाकण उघडावं तर टाकी अर्धी. भरावी, तर पुन्हा तेच. गाडीखाली मात्र थेंब नाही.

थोरल्या मामाने आधी हसण्यावारी नेलं. पाणी कुठे जाणार, कुठून तरी गळत असणार. त्याने पंपाने आत हवेचा दाब भरला आणि दाब दाखवणाऱ्या घड्याळावर नजर ठेवून बसला. काटा तसूभर हलला नाही. झाकण बदललं. पाइप हाताने चाचपले. रात्रभर गाडीखाली कागद अंथरून ठेवला, तो सकाळी कोरडा ठणठणीत. धुराड्यातून पांढरा धूर नाही, ऑइलमध्ये पाणी नाही, इंजिनाचा गॅस पाण्यात येत नाही.

तरी पाणी जात होतं.

याच दिवसांत धाकट्या मामाला बारीक ताप येऊ लागला होता. गाडी चालवून आला की अंग कढत, आणि सकाळी अगदी ठणठणीत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. काही सापडलं नाही. धाकटी मामी एकदा थोरल्या मामाला वैतागून म्हणाली होती की तुमच्याकडची गाडी आणि आमचा माणूस, दोघांचाही रोग कुणाला कळेना. तेव्हा सगळे हसले.

शनिवारी सकाळी धाकटा मामा गाडी गॅरेजमध्ये लावून चालत घरी गेला. थोरल्या मामाने ठरवलं होतं की आता शेवटचा उपाय. सगळं पाणी काढायचं, हवा मारून आतल्या नळ्या कोरड्या करायच्या आणि रिकाम्या गाडीचा एकेक पाइप सोडवून बघायचा. रोग सापडला नाही की तो असंच करतो.

त्याने बॅटरीची वायर काढली. खालचा पाइप सोडला. पाणी टबात पडू लागलं.

तेवढ्यात त्याला आवाज आला…

बारीक घूं घूं.

आता टर्बो गाडीत हा आवाज असतो. टर्बो तापून लालबुंद होतो, म्हणून इंजिन बंद केलं तरी एक छोटा पंप थोडा वेळ पाणी फिरवत राहतो. मामाला हा आवाज रोजचाच होता. त्याने लक्ष दिलं नाही.

मग त्याचा हात थांबला.

बॅटरीची वायर तर त्याच्या समोर सुटी लोंबत होती.

तो वाकून ऐकत राहिला. शेवटचा थेंब टबात पडला… आणि घूं घूं बंद झाली. कुठेतरी वीज साठून राहिली असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. हवा मारून नळ्या कोरड्या केल्या, हात धुतले आणि डबा उघडला.

दुसऱ्या घासाला फोन वाजला.

धाकटी मामी होती. जेवायला बसल्या बसल्या धाकटा मामा पाटावरून कलंडला होता. ताप एकदम चढला होता, अंगाला हात लावता येत नव्हता. शेजाऱ्याने गाडी काढली होती आणि ते दवाखान्याच्या वाटेवर होते.

"दादा, तुम्ही लगेच निघा," ती म्हणाली.

मामा तसाच उठला. गॅरेजची किल्ली बॉनेटखाली, बॅटरीच्या कडेला ठेवलेली होती. ती घ्यायला त्याने हात घातला आणि मनगट इंजिनाला लागलं.

चर्र झालं.

कातडी सोलवटली. तो डाग त्याच्या हातावर अजून आहे.

सकाळी गाडी लावल्यापासून ते इंजिन चालू झालेलं नव्हतं.

मामा बघत राहिला. इंजिनाच्या वरची हवा उन्हातल्या डांबरी रस्त्यावर थरथरते तशी थरथरत होती. दारं बंद होती, तरी काचा आतून धुकटल्या होत्या, आणि त्यांवरून पाणी ओघळत होतं. फोन अजून चालूच होता. मामी कुणाला तरी सांगत होती की अंग अजून तापतंय हो, अजून तापतंय.

मामा भित्रा नाही. भूत, देव, काहीच त्याच्या डोक्यात आलं नाही. एवढंच कळलं की आपण हिचं पाणी काढलं आणि तिकडे भाऊ जळतोय.

त्याने खालचा पाइप पुन्हा बसवला. पिंपातून बादली भरली आणि झाकण उघडून भसाभस ओतली.

इथेच तो चुकला.

तापल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नसतं. आतलं लोखंड तडकतं. हे तो आयुष्यभर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत आला होता. कुणी तसं केलं तर त्याला गॅरेजमध्ये उभं करत नसे. पण स्वतःचा भाऊ होता, आणि हात आधी चालले.

वाफेचा लोट उठला. त्या वाफेत, इंजिनाच्या आत कुठेतरी…

कट्.

एकच आवाज, सुपारी फोडल्यासारखा.

आणि फोनमधून मामीची किंकाळी आली. "दादा, ह्यांचं तोंड वाकडं झालं. हात उचलत नाहीयेत."

बादली मामाच्या हातातून पडली. तो मला म्हणाला, त्या वेळी मला मोठ्याने रडायचं होतं, पण रडायलाही वेळ नव्हता.

गॅरेजात चहाची शेगडी होती. त्याने तिच्यावर पातेलं चढवलं. पाणी चांगलं गरम केलं आणि मगाने थोडं थोडं ओतायला सुरुवात केली. एक मग ओतायचा, थांबायचं, मग दुसरा. तिकडे मामी दवाखान्यात पोचली होती, रडत होती, दादा तुम्ही निघालात का विचारत होती. आणि हा थंडोबा इथे मग हातात धरून उभा होता. निघालोय, एवढंच तो म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं.

पाणी भरलं. आता नळ्यांत अडकलेली हवा काढायची होती. पाइप हाताने दाबायचा, सोडायचा, बुडबुडा वर येईतो वाट बघायची. पाइप चटके देत होते. तो दाबत राहिला.

एक मोठा बुडबुडा आला.

मग बारीक बारीक…

मग पाणी शांत झालं.

"दादा," मामी म्हणाली, "घाम फुटलाय. ताप उतरतोय."

बॅटरीची वायर अजून सुटीच होती. पंप मात्र घुमू लागला होता, आणि मामाने तो ऐकत तिथेच फरशीवर बसकण मारली.

धाकटा मामा वाचला. डावा हात गेला तो गेलाच, आणि बोलणं जड झालं. मेंदूतली नस, असं डॉक्टर म्हणाले, एवढ्या तापात होतं कधी कधी. थोरल्या मामाने मान डोलावली.

ती गाडी आधी कुणाची होती, याचा त्याने पुढे बराच शोध घेतला. जिथून घेतली ते दुकान बंद पडलेलं. जुना मालक राहत होता तिथे दुसरेच लोक, त्यांना काही ठाऊक नाही. का, कशासाठी, माझाच भाऊ का… उत्तर मिळालं नाही.

गाडी आजही गॅरेजच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. ती चालवत कुणी नाही. विकायची सोय नाही, मोडीत घालायची तर हिंमत नाही. उभ्या उभ्या पाणी पिते. मामा दर दोन दिवसांनी जातो, टाकी बघतो आणि भरतो. आता त्याचे गुडघे दुखतात, म्हणून मलाही शिकवून ठेवलंय. मी हे सगळं तसं मानत नाही. पण माझी पाळी मी आजवर चुकवलेली नाही.

त्या दुपारचं त्याने मला सोडून कुणालाही सांगितलं नव्हतं. ना मामीला, ना भावाला. गॅरेजमध्ये तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

गेल्या महिन्यात आम्ही धाकट्या मामाला भेटायला गेलो होतो. मामी आत चहा टाकत होती. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. बराच वेळ थोरल्या मामाच्या मनगटाकडे बघत होता. मग उजव्या हाताने त्याने भावाचा हात धरला. रागाने नाही, अगदी मायेने. तोंडातल्या तोंडात, एकेक शब्द जुळवत तो म्हणाला,

"दादा… पहिली बादली… गार का ओतलीस?"

आम्ही चहा न घेताच निघालो.