भिंतीच्या पलीकडची दुपार

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कल्याणी पांढरीपांडे बायकांना भर उन्हात चार वाजता बोलवायची, आणि आख्ख्या अमरावतीत असं आमंत्रण द्यायची हिंमत बहुधा तिच्यातच होती. पारा चैत्रातच सत्तेचाळीसला टेकायला लागल्यापासून बाकीच्यांची हळदीकुंकवं दिवस मावळल्यावर, तीही दारं-खिडक्या लावून होत. कल्याणीच्या मागच्या अंगणात मात्र सतरंज्या पसरल्या होत्या, गौर झोपाळ्यात बसली होती, पन्ह्याचे पेले फिरत होते आणि शेजारच्या विद्या कोठाळेनं चक्क पदर अंगभर लपेटून घेतला होता.

"बाप्पा, थंडी वाजते जी इथं," विद्या म्हणाली, आणि सगळ्याजणी हसल्या. कल्याणीला हे वाक्य दरवर्षी ऐकायला आवडायचं.

ही सगळी करामत मागच्या भिंतीची होती. दिसायला साधीच, डोक्याच्या वर जाणारी भिंत. पण तिच्या गिलाव्याखाली एका खास मिश्रधातूचे पत्रे बसवलेले होते. छतावरच्या सौरपट्ट्यांची, बॅटरीत साठवलेली वीज त्यांत सोडली की भिंत एका अंगानं उष्णता ओढून घेई आणि दुसऱ्या अंगानं सोडून देई. थंड हवा जड असते, त्यामुळे ती हौदातल्या पाण्यासारखी अंगणात साचून राही. कंपनीनं तिचं नाव 'उष्मावाही भित्तिका' असं ठेवलं होतं. लोक तिला गारभिंत म्हणत. शहरात अशा भिंती अजून मोजक्याच होत्या.

घर आणि अंगण हा कल्याणीचा व्यवसायच होता. दर रविवारी तिचा 'अंगणासकट घर' हा कार्यक्रम हजारो लोक फोनवर बघत. अंगण विकत घ्या, घर त्याच्याबरोबर येतंच, हे तिचं लाडकं वाक्य. घर सकाळी बघू नका, सकाळी सगळीच घरं चांगली दिसतात; दुपारी दोनला जा. डावी-उजवीकडच्या शेजाऱ्यांकडे चहा प्या. आणि शेवटी अंगणात चप्पल काढून उभे राहा, कारण दलाल खोटं बोलेल, पाय बोलणार नाहीत. हे घर घेताना तिनं स्वतः हे सगळं केलं होतं. गारभिंतीच्या कारागिराला तिनं एक प्रश्नही विचारला होता, की ही उष्णता जाते कुठे? "बाहेर," तो म्हणाला होता. तेव्हा मागे बाभळींचा मोकळा प्लॉट होता. बाहेर म्हणजे बाभळी, असं धरून ती निवांत झाली.

तिच्या निवांत होण्याला कारणही तसंच होतं. तिचा नवरा मंदार याला नसांवरचं आवरण झिजण्याचा आजार होता. अंग तापलं की त्याचे पाय ऐकेनासे होत, डोळ्यांपुढं धुकं येई. आधीच्या फ्लॅटमध्ये त्यानं पाच उन्हाळे एका खोलीत काढले होते. या अंगणात तो पुन्हा माणसांत आला. कुंड्यांत मिरच्या लावायचा, गल्लीतल्या पोरांशी कॅरम खेळायचा. आत्ताही तो दाराजवळ खुर्ची टाकून बसला होता आणि बायकांना आंब्याच्या डाळीत तिखट कमी पडल्याचं सांगत होता.

विद्यानं बरोबर एक नवी बाई आणली होती. "या सरिता ढोले. मागच्या गल्लीत राहतात, कॉलेजात शिकवतात. तुमचा एकही रविवार सोडत नाहीत."

सरिता संकोचून भिंतीपाशी बसली आणि तिनं पाठ टेकवली. टेकवली आणि एकदम ताठ झाली. तिनं वळून भिंतीला हात लावला, मग मान वर करून भिंतीवरून डोकावणारा कडुनिंब बघितला. त्याच्या अलीकडच्या फांद्या हिरव्या होत्या आणि पलीकडच्या करपलेल्या. पन्ह्याचा पेला तिनं न पिताच खाली ठेवला.

मग तिनं विचारलं, "कल्याणीताई, एक सल्ला हवा होता. मागच्या वर्षी तुमचं ऐकूनच घर घेतलं. लहानसंच, पण मागं अंगण आहे. दुपारी दोनला जाऊन बघितलं होतं, चप्पल काढून उभी राहिले होते. पण ते डिसेंबरात. आता उन्हाळा लागल्यापासून अंगणात पाय ठेववत नाही. मोगरा होता, तो वाळला. सासरे ऐंशीच्या पुढचे, जन्मभर उन्हाळ्यात बाज बाहेर टाकून झोपलेले. रात्रीसुद्धा तिथं टेकवत नाही त्यांना. काय करू मी? विकून टाकू का?"

सगळ्या बायका कल्याणीकडे बघू लागल्या. तिनं बाईकडे बघितलं, तिच्या पाठीमागच्या भिंतीकडे बघितलं, आणि ही कुठल्या अंगणाबद्दल बोलते आहे ते तिला कळलं. प्लॉटवर घरं झाली हे काय तिला ठाऊक नव्हतं? पलीकडून भांड्यांचे आवाज येत, कधी कुणाचं खोकणं येई. त्यांनीही काहीतरी सोय केली असेल, असं म्हणून तिनं विषय मनातल्या मनात मिटवला होता. आता तो विषय समोर बसून सल्ला मागत होता. एक वाक्य बोलली असती तर झालं असतं. पण भरल्या हळदीकुंकवात, हजारो लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या बाईला ते वाक्य सुचलं नाही.

"हिरवी जाळी लावून बघा," ती म्हणाली. "आणि भिंतीवर ओली पोती सोडा. पोत्यांनी फार फरक पडतो."

"बरं जी," सरिता म्हणाली. तिनं पन्हं संपवलं आणि बाकीच्यांच्या आधी उठून गेली. गडबडीत तिची ओटी भरायची राहून गेली.

बायका पांगल्यावर मंदार बराच वेळ कॅरमच्या सोंगट्या डबीत भरत बसला होता. एकेकाळी तो वीज मंडळात अभियंता होता.

"ओली पोती," तो म्हणाला.

"मग काय सांगायचं होतं? भिंत बंद करते म्हणून? आणि तुला परत त्या खोलीत घालू?"

"मला पुढं करू नकोस. माझ्यासाठी भिंत लावलीस, ते खरं. पण खोटं माझ्यासाठी नाही बोललीस."

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकवली तरी कल्याणीला सरिताची ताठ झालेली पाठ आठवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिजवलेले हरभरे आणि एक नारळ घेऊन ती निघाली. राहिलेली ओटी भरायला जाते, असं तिनं स्वतःला सांगितलं. भिंतीपलीकडचं घर, पण तिथं पोचायला मोठ्या रस्त्यानं वळसा घालावा लागे. एवढ्या वर्षांत तो वळसा तिनं एकदाही घातला नव्हता.

मागच्या गल्लीत रस्त्याच्या कडेला, बदामाच्या झाडाखाली एक बाज टाकलेली होती. तिच्यावर एक म्हातारा ओला पंचा तोंडावर घेऊन पडला होता. एक टेम्पो इतक्या जवळून गेला की बाजेची दोरी हलली. म्हाताऱ्यानं पंचासुद्धा बाजूला केला नाही. त्याला सवय झालेली दिसत होती.

सरितानं तिला आत घेतलं, पाणी दिलं, गूळ दिला. मग स्वतःहून म्हणाली, "या ना, अंगण बघा."

मागचं दार उघडताच भट्टीचं झाकण काढल्यासारखी झळ आली. भिंतीवर खिळे ठोकून पोती सोडलेली होती.

"सकाळी कॉलेजात जायच्या आधी लावली," सरिता म्हणाली. "तुम्ही सांगितलं म्हणून. तासाभरात खडखडीत झाली."

ती खोचून बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त झालं ते सांगत होती. कोपऱ्यात मोगऱ्याची काटकी उभी होती. तिच्या बुंध्याशी माती ओली होती. म्हणजे ही बाई तिला अजून पाणी घालत होती.

कल्याणीनं दारातच चप्पल काढली.

"अहो, नका, भाजेल," सरिता म्हणाली.

कल्याणी फरशीवर उभी राहिली. दोन श्वासांतच तिनं एक पाय उचलला, मग दुसरा, आणि शेवटी उडी मारावी तशी उंबऱ्यात परत आली. तळवे चुरचुरत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्या गारव्याचं खरं रूप तिनं पहिल्यांदा पायांनी बघितलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सरिताताई, ही भिंत माझी आहे. माझ्या अंगणातली सगळी आग ती तुमच्याकडे टाकते. काल तुम्ही विचारलंत तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी तुम्हाला पोती ओली करायला सांगितली."

सरितानं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. "मला कालच कळलं जी. पाठ टेकली तेव्हाच. म्हटलं, विचारून तर बघू, ताई सांगतील."

"मग तिथंच का नाही बोललात?"

"तुमच्या घरी गौर बसली होती. आणि तुमच्या मिस्टरांना ऊन चालत नाही, हे विद्याताई वाटेत सांगत होत्या. अशा वेळी काय बोलायचं, तुम्हीच सांगा."

कल्याणीनं तिची ओटी भरली, हरभरे थोडे जमिनीवर सांडले, ते दोघींनी मिळून वेचले.

घरी येऊन तिनं सगळं मंदारला सांगितलं. त्यानं तिला बादलीत पाणी काढायला सांगितलं आणि ती पाय बुडवून बसली तेव्हा म्हणाला, "त्या पत्र्यांत वीज ज्या दिशेनं सोडावी त्या दिशेनं उष्णता जाते. तारांची अदलाबदल केली की भिंत उलटी चालेल. गार तिकडे, गरम इकडे."

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"होतं," मंदार म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. "मलाही इथं बसायला आवडत होतं, कल्याणी."

दिवस मावळताना त्यानं भिंतीला धरून, थांबत थांबत जाऊन स्वतः तारा बदलल्या. मग तो खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. दिवसा भिंत कुणाकडे गार ठेवायची, हे अजून ठरायचं होतं.

कल्याणी अंगणातच थांबली. हवा आधी कोमट झाली, मग जड, मग अंगाला चिकटायला लागली. मिरच्यांची पानं मान टाकू लागली. तिनं कुंड्या एकेक करून भिंतीपासून लांब ओढल्या. घाम पाठीवरून ओघळत होता आणि तिला वाटत होतं, की हा तरी आपला आहे.

पलीकडे बाजेचे पाय फरशीवरून फरफटत आले. कुणीतरी कण्हत बसलं, बाज करकरली. मग म्हाताऱ्याचा सावकाश, झोपाळलेला आवाज भिंतीवरून आला.

"गार पडलं बाप्पा. पण सुनबाई, इचार जरा, ते तिकडचे मानसं आता कुठी बसले असतीन?"